आत्मचरित्रावरचा अंगठा

माझ्या लग्नाची पत्रिका मास्तरांनी तीन वेळा परत पाठवली. पत्रिका माझी, जुळणी मी केलेली, प्रेसही आमचीच. तरी तीन वेळा. पहिल्यांदा तिथी आणि वार जुळेनात. दुसऱ्यांदा मामांचं गाव चुकलं. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी प्रूफ माझ्या नाकासमोर धरलं आणि वधूच्या आजोबांच्या नावावर बोट ठेवलं. नावामागे 'कै.' छापलं होतं.

"ह्ये कैलासवासी कवा झालं?"

"आवं मास्तर, सासऱ्यानं मजकूर दिलाय. मी काय त्येंची नाडी बघाय गेलो न्हाई."

"मी गेल्या बाजारला बघितलंय त्येंना आष्ट्यात. मिरच्या निवडत हुते."

चौकशी केली तर खरंच. सासऱ्यांनी शेजाऱ्यांच्या पत्रिकेवरून मजकूर उतरवताना त्यांच्या आजोबांचा कैलासवासही उतरवून घेतला होता. म्हातारा लग्नात पहिल्या पंगतीला बसून चांगले चार बुंदीचे लाडू खाऊन गेला. तो दिवस आणि आजचा दिवस, मास्तरांचं नाव निघालं की आमच्या घरात कुणी पाय पसरून बसत नाही.

मास्तर आमच्या सांगलीच्या प्रेसमध्ये प्रूफं तपासायचे. आष्ट्याच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, रोज सकाळच्या एसटीने यायचे. काळा कोट, पांढरी टोपी, बारा महिने छत्री. भिंग कोटाच्या बटणाला दोऱ्याने बांधलेलं. हातात जांभळी शाईपेन्सिल, जी ओली केल्याशिवाय उमटत नाही. ती ते जिभेला लावायचे. त्यामुळे त्यांचा खालचा ओठ कायम जांभळा. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्या ओठाकडे बघायचं आणि मग जरा लांब बसायचं.

मी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचो. आम्ही जैन, बापाचं तंबाखूचं रान. ते सोडून मी शिशाच्या खिळ्यांत हात काळे करत बसलो म्हणून भावकीत मला कुणी शहाणा म्हणत नव्हतं. पण माझा आवाज खणखणीत होता. प्रूफ तपासताना एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची अशी रीत. वाचायला मास्तरांनी मला निवडलं होतं. दिवसाचे दोन तास मी वाचायचो आणि ते उभ्याने ऐकायचे. बसून ऐकलं की चूक मांडीखालून निसटते, असं त्यांचं म्हणणं.

प्रेसचा एक शिरस्ता होता. शेवटच्या प्रुफावर मास्तरांची जांभळी सही पडल्याशिवाय पान यंत्रावर चढत नसे. मालकांनीच तो घालून दिला होता आणि पुढे जन्मभर त्याचा पश्चात्ताप केला. कारण मास्तर कानामात्रेवर थांबत नसत. एका बाईंनी पाककृतींचं पुस्तक छापायला दिलं, तर मास्तरांनी त्यातला एकेक पदार्थ घरी करून बघितला. अनारसे तळणीत विरघळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विरघळलेला अनारसा डब्यात घालून त्या बाईंच्या दारात नेला आणि विचारलं, "तांदूळ तीन दिस भिजवायचं कुठं गेलं?" एका गडाच्या माहितीपुस्तकात पायऱ्यांचा आकडा होता. मास्तर सोमवारच्या सुटीला जाऊन मोजून आले, उतरताना पुन्हा मोजल्या, आणि मगच सही केली.

मालक डोक्याला हात लावायचे. "मास्तर, तुमी अक्षरं बघा की. खरंखोटं लिवणाऱ्याचं त्यो बघंल."

"अक्षर चुकलं तर वाचणारा मनात दुरुस्त करून पुढं जातो, मालक. खोटं हाय त्ये त्येला दुरुस्त करता येत न्हाई."

 मग मालक चहा मागवायचे.

आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष. तुरुंगातून सुटलेल्या माणसांच्या आठवणी छापायची तेव्हा साथ आली होती. पुढारी लिहीत होते, पुढाऱ्यांचे ड्रायव्हर लिहीत होते. आमच्याकडे मात्र वेगळंच बाड आलं. उंब्रजजवळच्या एका गावचा माणूस. मुंबईत हातभट्ट्या आणि बंदरावरचा चोरटा माल यांवर वीस वर्षं राज्य केलेला. सगळे त्याला दादा म्हणत. आणीबाणीत आत गेला, सुटल्यावर गावी येऊन ऊस लावून बसला. त्याचं आत्मचरित्र. खाली बारीक अक्षरात 'शब्दांकन' आणि एका मुंबईच्या लेखकाचं नाव. पुस्तकाचं नाव सांगत नाही. सांगलीत अजून दोन-चार घरांत ते सापडेल.

मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. "माझ्या कोवळ्या बालमनावर त्या प्रसंगाने खोल ओरखडा उमटला..."

"थांब," मास्तर म्हणाले. "ह्यो उंब्रजचा गडी हाय न्हवं?"

"व्हय."

"मग ह्येला बालमन कुठलं? वाच पुढं."

पुढे दादांनी तुरुंगात रात्र रात्र जागून ग्रंथ वाचल्याचं होतं. त्यापुढे लहानपणीचा श्रावणी अमावास्येचा पोळा आला, बैलांची मिरवणूक आली. मी वाचता वाचता थांबलो. मास्तरांनी टोपी काढली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघेही हसत सुटलो. आमच्या सातारा-सांगलीकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तोही आषाढात. श्रावणातला पोळा घाटावर दुसरीकडे. इथला माणूस आईचं नाव विसरेल, पण बेंदराला पोळा म्हणणार नाही.

"ह्यात दादाचं काय हाय?" मी म्हटलं.

"नाव हाय," मास्तर म्हणाले आणि समासात जांभळी फुली मारली.

इतपत गंमत होती. चौथ्या प्रकरणाला ती संपली. त्यात दादा पकडले गेले ती हकीकत होती. कुणाच्या फितुरीने पकडले गेले, तेही होतं. दादांचा ड्रायव्हर, आधी फौजेत असलेला ज्ञानू. पूर्ण नाव, गाव, आणि 'हा कृतघ्न माणूस सध्या कुपवाडच्या एका वर्कशॉपात तोंड लपवून आहे' असं शेवटचं वाक्य. आमच्याकडे 'ज्ञ'चे खिळे चारच होते. प्रकरणात ज्ञानूचं नाव इतक्यांदा की चारांवर भागेना; एकेक पान जुळवून, प्रूफ काढून, तेच खिळे पुढच्या पानाला वापरावे लागले. त्यातल्या एका 'ज्ञ'ची शेपटी तुटलेली होती. म्हणून ते नाव माझ्या बोटांना पाठ आहे.

मी वाचून संपवलं तेव्हा मास्तर हसत नव्हते.

"पोळा लिवणाऱ्यानं ह्ये लिवलंय," ते म्हणाले. "ह्ये तरी खरं कशावरनं?"

"आपल्याला काय करायचंय, मास्तर?"

"दादाची मानसं मुंबईतनं परत आली हायत, इथंच पसरली हायत. ह्ये छापलं की त्या ज्ञानूचं हातपाय जागेवर ऱ्हात्याल व्हय? आन् खाली सही माझी."

संध्याकाळी आम्ही सायकलींवरून कुपवाडला गेलो. तिसऱ्या वर्कशॉपात ज्ञानू फौजी सापडला. लेथवर वाकलेला, पन्नाशीचा, मिशा अजून फौजेतल्या. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्याने लेथ बंद केला. हात पुसले. 

"मी सांगितलं न्हाई पोलिसास्नी," तो म्हणाला. "मी फकस्त काम सोडलं. रात्रीचा माल आनायला न्हाई म्हनलं आन् गावी आलो. दादास्नी सोडून आलेला मी एकलाच."

"मग तसं सांगा की लोकास्नी."

"छापून आल्यावर? पोरगीसाठी ठिकाणं बघतोय, मास्तर. पुस्तकात फितूर म्हनल्यावर दारात कोन यील? आन् माझं तोंडी कोन ऐकंल?"

तो रडला नाही, चिडलाही नाही. त्याने लेथ पुन्हा सुरू केला. 

दुसऱ्या दिवशी मालकांनी साफ सांगितलं. कागद शनिवारी येणार; प्रकाशक घाईवर आहे; पुस्तक दादांचं, खरंखोटं दादांना विचारा. मालक वैतागून बोलले होते. मास्तरांनी तो हुकूम मानला.

सोमवारी प्रेस बंद असे. त्या सोमवारी छत्री, प्रूफांचं भेंडोळं आणि मी, अशी मास्तरांची वरात कऱ्हाडवरून एसटीने उंब्रजला निघाली. मी भ्यालो होतो, हे कबूल करतो. बायकोला खोटंच सांगितलं की कऱ्हाडला शिशाचे खिळे बघायला चाललोय.

दादांचं घर उसाच्या मळ्यात. अंगणात बाज, बाजेवर दादा. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात सोन्याची साखळी. मागे गोठ्याला टेकून तिघे दांडगे उभे. बेंदूर होऊन आठवडा झाला नव्हता. गोठ्यातल्या दोन्ही बैलांची शिंगं हिंगुळाने लालभडक होती.

"आत्मचरित्राची प्रूफं हायत," मास्तर म्हणाले. "लेखकाला वाचून दाखवायची आमच्याकडं रीत हाय." असली रीत आमच्याकडे नव्हती. पण त्या दिवसापासून झाली म्हणायला हरकत नाही.

दादा खूश झाले. डोळे मिटून पडले. मी वाचू लागलो. दहाव्या वर्षी पुरात उडी मारून सावकाराच्या मुलीला वाचवल्याची हकीकत आली, तसा दादांनी एक डोळा उघडला.

"मी?"

"पुस्तकात हाय," मी म्हटलं.

दादांनी थोडा विचार केला. "मग वाचवली असंल. लय पूर यायचं तवा."

खोटं सांगत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. ऐकता ऐकता त्या माणसाला न केलेल्या गोष्टी आठवायला लागल्या होत्या. मग मी पोळ्यापाशी आलो. दादा ताडकन उठून बसले.

"काय म्हनला? पोळा?"

"श्रावणी अमावास्येचा," मास्तर थंडपणे म्हणाले.

"आरं, बेंदूर म्हना की! ह्यो काय ह्यो..." दादांनी हात मागे गोठ्याकडे केला. "ह्या डाव्या बैलानं औंदा कर तोडलाय! वीस वरसांनी गावानं मला मान दिलाय!"

बेंदराच्या संध्याकाळी वेशीत पानांचा दोर बांधतात, तोच कर. गावच्या मानाच्या बैलाने तो तोडायचा. मुंबईत माणसं दादांना घाबरायची. गावाने मात्र त्यांचा बैल कराला पुढे करू द्यायला वीस वर्षं लावली होती. मास्तरांनी ते ऐकलं आणि जांभळ्या ओठांवरून जीभ फिरवली. मला म्हणाले, "चौथं वाच."

मी चौथं प्रकरण वाचलं. पहिल्यांदाच माझा आवाज खणखणीत नव्हता. ज्ञानूचं नाव आलं की दांडगे सरसावून उभे राहत. 

"ह्ये लिवणाऱ्यानं घातलंय का तुमी सांगितलंय?" मास्तरांनी विचारलं.

दादांनी दांडग्यांना हातानेच लांब जायला सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "त्यो म्हनला, दादा, फितुराबिगर गोष्ट रंगत न्हाई. कुनाचं तरी नाव द्या. मी दिलं."

"ज्ञानूच का?"

"मला सोडून गेला त्यो एकलाच. पाया बी पडला न्हाई जाताना."

"मग त्यानं फितुरी केली न्हाई."

"आता मला बी तसंच आठवाय लागलंय, मास्तर. ऱ्हाऊ दे. छापा."

मला वाटलं, झालं. आता चहा प्यायचा आणि एसटी धरायची. पण मास्तर उठले, छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, आणि शाळेत उत्तर न आलेल्या पोराशी बोलावं तसे दादांशी बोलले.

"दादा, आजवर माझ्या नजरंखालनं चूक सुटल्याली न्हाई. इच्चारा ह्येला. पर तुमचा ज्ञानू पुस्तकात ऱ्हायला, तर तुमचा पोळा बी ऱ्हाईल. मी त्येला हात लावनार न्हाई. श्रावणी अमावास्येसकट छापीन आन् खाली माझी सही करीन. उंब्रजच्या बाजारात मानसं वाचत्याल. म्हनत्याल, ज्येच्या बैलानं कर तोडला, त्येला बेंदूर ठावं न्हाई. ह्यो गडी आपला न्हवंच."

मास्तरांना जी माणसं ओळखत होती, त्यांनाच कळेल की हे त्यांनी कसं म्हटलं असेल. चुकीवर त्यांनी जन्मात सही केली नव्हती. एका माणसाचं नाव वाचवायला त्यांनी स्वतःचं नाव पणाला लावलं होतं.

दादांचा चेहरा उतरला. पोलिसांना, तुरुंगाला न भ्यालेला माणूस उंब्रजच्या बाजाराला भ्याला. त्यांनी एकदा बैलाकडे बघितलं.

"काढा ज्ञानूला," ते म्हणाले. "सगळा काढा. पर बेंदूर नीट घाला."

"तोंडी न्हाई. ह्या पानावर सही पायजे."

 मास्तरांनी पेन्सिल पुढे केली, दादांनी ती घेतली नाही. मग त्यांनी हळूच आपला उजवा हात पुढे केला. तीनशे पानांचं आत्मचरित्र लिहिलेल्या, तुरुंगात रात्र रात्र ग्रंथ वाचलेल्या माणसाने अंगठा पुढे केला होता. मास्तरांनी पेन्सिल जिभेला लावली, दादांच्या अंगठ्यावर नीट घासली, आणि चौथ्या प्रकरणाच्या प्रूफावर तो उमटवून घेतला. एका शब्दाने टोमणा मारला नाही.

"कुनाला बोलू नका," दादा म्हणाले.

ते होते तोवर बोललो नाही. त्या आख्ख्या आत्मचरित्रात दादांच्या हातचं काय असेल, तर तेवढंच.

मंगळवारी मालकांनी तो अंगठा बघितला आणि खुर्चीत बसले. लेखक मुंबईहून धावत आला. प्रकरण म्हणजे पुस्तकाचा प्राण आहे, असं म्हणाला. मास्तरांनी अंगठा दाखवला. दादांच्या अंगठ्यापुढे तो काय बोलणार? मास्तरांना कामावरून काढा, असं प्रकाशकाने मालकांना सांगून पाहिलं. मालक म्हणाले, "मग माझी लेटरहेडं कोन तपासंल?" आणि चहा मागवला. मालकांबद्दलही मला त्या दिवसापासून आदर आहे.

चौथ्या प्रकरणाची जुळणी मी सोडली. एकेक ओळ हातात घ्यायची आणि एकेक खिळा आपापल्या खणात टाकायचा, असं ते काम. जुळवण्यापेक्षा कंटाळवाणं. पण त्या दिवशी मी ते कुणालाही करू दिलं नाही. मास्तर शेजारी उभे होते. ज्ञानूच्या नावातला शेवटचा खिळा खणात पडला तेव्हा त्यांनी भिंग खिशात घातलं. मी हजारो पानं जुळवली असतील. अभिमानाने सांगावं असं पान एकच, ते मी मोडलं.

पुस्तक निघालं. समारंभ झाला. लेखकाने भाषणात सांगितलं की यातला शब्द न् शब्द दादांचा आहे, आणि दादांनी मान हलवली. मास्तर मागच्या रांगेत उभे होते. माझ्या कानाशी म्हणाले, "बेंदूर तेवढा खरा हाय."

पुढच्या वर्षी एका दुपारी ज्ञानू फौजी प्रेसमध्ये आला. हातात पोरीच्या लग्नाचा मजकूर.

"पुस्तक वाचून घेतलं, मास्तर," तो म्हणाला. "माझं नाव न्हाई त्यात."

"व्हय. न्हाई," मास्तर म्हणाले आणि मजकूर वाचू लागले. उंब्रजचं एक अक्षरही त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही, पण ते मला फार जड गेलं.

पत्रिका मीच जुळवली. प्रूफ काढलं. मास्तरांनी आधी पंचांग बघितलं, मग मामाचं गाव विचारलं, आजोबा खरोखर वारलेत याची खात्री करून घेतली. ज्ञानू मुकाट्याने उत्तरं देत होता. मग भिंग त्याच्या नावावर येऊन थांबलं. 

"'ज्ञ'ची शेपूट तुटलीया," मास्तर म्हणाले.

"चारच हायत, मास्तर. हाताला ह्यो आला. वाचणाऱ्याला काय कळतंय?"

"चांगला घाल. बापाचं नाव हाय."

मी तुटका खिळा काढला, चारांतला सगळ्यात चांगला शोधला, फडक्याने पुसला आणि त्या जागी बसवला. नवीन प्रूफ काढलं. मास्तरांनी पेन्सिल जिभेला लावली आणि सही केली.

दादांचं पुस्तक माझ्या घरात नाही. पत्रिकेचं ते प्रूफ आहे.